इमारतींचे अकाली निर्लेखन

दिल्लीत नोकरीनिमित्त काही वर्षे काढलेल्या मराठी माणसाच्या आठवणींत प्रगती मैदान हटकून असते. १४ नोव्हेंबरला व्यापार मेळा सुरू झाला की एका रविवारी मुलाबाळांसह तिकडे जायचे, महाराष्ट्राच्या दालनात शिरायचे, दिल्लीच्या गारठ्यात चार शब्द मराठी कानांवर पडतात म्हणून उगाचच रेंगाळायचे, आणि परतताना त्या अवाढव्य काँक्रीटच्या जाळीदार दालनाकडे मान वर करून पाहायचे, हा अनेक कुटुंबांचा वार्षिक परिपाठ होता. त्या दालनाचे नाव हॉल ऑफ नेशन्स. आज ते नाही. एप्रिल २०१७ मधल्या एका रविवारच्या रात्री ते पाडण्यात आले. त्या वेळी त्याचे वय पंचेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे ते पाहायला येणाऱ्यांपैकी बरेचजण त्याच्याहून वयाने मोठे होते.

ते पाडावयास हवे होते की नको, यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. त्या वादात मला आज पडायचे नाही. मी प्रशासनातला माणूस. इमारत पाडण्याच्या प्रस्तावावर सही करण्याचा प्रसंग माझ्यावरही आलेला आहे. त्याविषयी शेवटी सांगेन. त्या प्रसंगापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. फार जुनी नसलेली, अंगाने धडधाकट अशी व्यापारी इमारत आपण पाडतो, तेव्हा तिच्यातून परत नेमके काय मिळते? आणि पूर्वी जे मिळत असे ते आता का मिळत नाही?

प्रथम त्या दालनाची जन्मकथा पाहू, कारण उत्तराचा एक धागा तिथेच आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ च्या नोव्हेंबरात, ‘एशिया ७२’ हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवायचे ठरले. वास्तुविशारद राज रेवाल आणि संरचना अभियंते महेंद्र राज यांनी त्यासाठी खांबांविना ७८ मीटरचा पल्ला झाकणारे दालन योजले. योजना होती स्पेस फ्रेमची, म्हणजे त्रिकोणांच्या त्रिमिती जाळीची. अशी जाळी जगात सर्वत्र पोलादी नळ्यांची करीत असत. पण त्या काळच्या हिंदुस्थानात पोलाद दुर्मिळ आणि महाग, तर मजूर विपुल आणि स्वस्त. तेव्हा तीच जाळी जागेवर ओतलेल्या काँक्रीटची करावी असे ठरले. सुतारांनी साचे बांधले, मजुरांनी घमेली वाहिली आणि ठरलेल्या मुदतीत दालन उभे राहिले. जागेवरच काँक्रीट ओतून केलेली इतक्या पल्ल्याची स्पेस फ्रेम जगात पूर्वी कोणी केली नव्हती. टंचाईतून जन्मलेला हा पराक्रम होता आणि त्याचा अभिमान वाटणे रास्तच होते.

आता दुसरी बाजू पाहा. पोलादी जाळी असती तर तिचे सांधे सोडवता आले असते, नळ्यांवर क्रमांक टाकता आले असते आणि दालन दुसऱ्या गावी, दुसऱ्या मैदानावर पुन्हा उभे करता आले असते. ही कल्पनेची भरारी नव्हे. १८५१ साली लंडनच्या हाईड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनने उभारलेला क्रिस्टल पॅलेस हाही प्रदर्शनासाठीच बांधलेला होता. लोखंडी सांगाडा आणि काचेची तावदाने, सगळे ठरावीक मापांचे. प्रदर्शन संपल्यावर १८५२ मध्ये तो उतरविण्यात आला आणि सिडनहॅम येथे अधिक मोठ्या रूपात १८५४ साली पुन्हा उभा राहिला. पुढे १९३६ मध्ये आगीत नष्ट होईपर्यंत तो तिथेच होता. आमच्या दालनाला हा मार्ग मोकळा नव्हता. एकसंध ओतलेले काँक्रीट उतरवता येत नाही, ते फोडावेच लागते. १९७० च्या सुमारास पोलाद वाचवायचे म्हणून घेतलेल्या निर्णयाने २०१७ मधला शेवट कसा होणार हेही ठरवून टाकले होते. दालनाची प्रतिकृती पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात गेली. २०२२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने दक्षिण आशियाच्या वास्तुकलेवर जे प्रदर्शन भरवले, त्यात हे दालन मानाच्या जागी होते. प्रत्यक्ष दालनाचा मात्र राडारोडा झाला.

‘राडारोडा’ हा आपल्याकडचा ठसकेबाज शब्द मी मुद्दाम वापरतो. उत्तरेत ‘मलबा’ म्हणतात, मुंबईच्या बांधकामावर ‘डेब्रिज’ म्हणतात. तिन्ही शब्दांत एक गोष्ट समान आहे : या वस्तूंना आता वेगवेगळी नावे उरलेली नाहीत. खिडकी, तुळई, फरशी, वीट ही नावे गेली की उरतो तो राडारोडा. पाडकामाचा इतिहास म्हणजे माझ्या मते या नावांचा इतिहास होय.

पूर्वी ही नावे फार काळ टिकत असत. प्रगती मैदानापासून मथुरा रस्त्याने दक्षिणेकडे निघालात की निझामुद्दीनजवळ अब्दुर्रहीम खानखानाचा मकबरा लागतो. अकबराच्या दरबारातला हा सरदार आणि दोहे लिहिणारा रहीम. त्याच्या मकबऱ्यावरचे संगमरवर आणि तांबडा दगड अठराव्या शतकाच्या मध्यास उतरवून सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी नेण्यात आले. शतकानुशतके रहीमचा मकबरा उघड्या अंगाने उभा राहिला. त्याची दुरुस्ती अगदी अलीकडे, २०२० मध्ये पूर्ण झाली. ही चोरीच होती, तिचे समर्थन मी करीत नाही. पण चोरीला जाण्याइतकी त्या दगडाची किंमत टिकून होती, हेही ध्यानात घ्यावे. एका इमारतीचा घडीव दगड दुसऱ्या इमारतीत घडीव दगड म्हणूनच बसला.

याहून विलक्षण उदाहरण हडप्प्याचे. एकोणिसाव्या शतकात लाहोर–मुलतान रेल्वेचे काम चालू असताना रुळांखाली घालायला खडी हवी होती आणि त्या प्रदेशात दगड नाही. ठेकेदारांना हडप्प्याच्या टेकाडांत भाजक्या विटांची अमाप रास सापडली. सुमारे शंभर मैलांच्या मार्गाखाली या विटा गेल्या, असे अलेक्झांडर कनिंगहॅमने पुढे नोंदवून ठेवले. साडेचार हजार वर्षे जमिनीत राहून त्या विटा आगगाडीचा भार पेलण्याइतक्या पक्क्या होत्या. इथेही एक प्रशासकीय सत्य दडले आहे. ज्या अधिकाऱ्याने ते देयक मंजूर केले असेल, त्याच्या कागदावर ‘नगर’ असा रकाना नव्हता, ‘विटांचा चुरा’ एवढाच होता.

आपल्याकडचे वाडेही असेच सुटे होत. पुण्यात, नाशकात, वाईत वाडा उतरवणे हा शब्दप्रयोग होता. ‘पाडणे’ नव्हे, ‘उतरवणे’. कौले आधी, मग वासे, मग कडीपाट, तुळया, खांब, शेवटी विटा आणि जोत्याचा दगड. सागवानी तुळईला नवे गिऱ्हाईक मिळे, कोरीव खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जाई. चुन्यात बांधलेली वीट थोड्या ठोकाठोकीने मोकळी होई, कारण चुना विटेपेक्षा मऊ असतो. सिमेंटचे नेमके उलट आहे. सिमेंटचा मसाला बहुधा विटेहून कठीण असतो. वेगळी करू गेलात तर वीट फुटते, मसाला फुटत नाही. बांधणीचा जोर वाढला तसतशी सुटण्याची शक्यता घटली. ही गोष्ट कोणत्याही गवंड्याला ठाऊक आहे. आमच्या मंजुरीच्या टिप्पणीत ती आलेली मी कधी पाहिली नाही.

सरकारी इमारत कशी मरते ते वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. महाराष्ट्र शासनाच्या कागदांत यासाठी ‘निर्लेखन’ हा शब्द आहे. जे लेखात, म्हणजे नोंदवहीत, होते ते खोडून टाकणे. हिंदी प्रदेशांत ‘निष्प्रयोज्य घोषित करना’ म्हणतात. पद्धत थोड्याफार फरकाने एकच. अभियंता पाहणी करून इमारत वापरण्यास अयोग्य किंवा दुरुस्ती परवडणारी नाही असा अहवाल देतो. पुस्तकी किंमत काढली जाते. मग जुन्या साहित्याची यादी होते : दारे इतकी, खिडक्या इतक्या, लोखंड इतके किलो, विटा इतके घनमीटर. त्यावरून किमान बोली ठरते आणि लिलाव पुकारला जातो. जास्त बोली लावणारा पैसे भरतो, इमारत पाडतो आणि माल घेऊन जातो. म्हणजे जुन्या काळच्या दगड-लाकडाच्या इमारतीचे मरण सरकारला पैसे मिळवून देत असे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दिल्ली दरसूचीत पाडकामाचे स्वतंत्र प्रकरण आहे. उपयोगी साहित्य रचून ठेवावे आणि निरुपयोगी साहित्य ५० मीटरच्या अंतरात टाकावे, हे तिथले नित्याचे कलम. काय उपयोगी आणि काय निरुपयोगी, हे जागेवरचा माणूस ठरवतो.

तो जागेवरचा माणूस काय पाहतो, ते मी अनेकदा उभे राहून पाहिले आहे. आधुनिक व्यापारी इमारतीत पहिल्या आठवड्यात जे निघते तेच खरे धन. तांब्याच्या तारा, वातानुकूलनाची यंत्रे आणि त्यांच्या नळ्या, लिफ्टच्या मोटारी, पंप, ॲल्युमिनियमच्या चौकटी, शटर. मग घण आणि ब्रेकर चालतो. वरच्या मजल्यापासून खाली येत स्लॅब फोडतात, उघडी पडलेली सळई गॅसने कापतात आणि रस्त्याच्या कडेला बसून हातोडीने सरळ करतात. ती ‘जुनी सळई’ म्हणून वजनावर विकली जाते आणि लहानसहान बांधकामांत घातली जाते. वाकवून सरळ केलेल्या सळईत पहिली ताकद राहिली आहे की नाही, हे तपासण्याची सोय त्या घर बांधणाऱ्या गरिबापाशी नसते. उरलेले लोखंड भट्टीकडे जाते. पंजाबात मंडी गोविंदगढ आणि आपल्याकडे जालना ही भंगार वितळवून सळई करणारी मोठी गावे. जालन्याच्या सळईने बांधलेल्या घरात राहणाऱ्या वाचकाच्या भिंतीत कुणा दूरच्या दुकानाची तुळई पुन्हा जन्मलेली असू शकते.

बाकीच्याचे काय? इथेच नव्या इमारतीची दैना दिसते. दर्शनी भागाची कडक केलेली काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही. तिला दुसरीकडे बसवायचे तर अगदी त्याच मापाची चौकट हवी, नाहीतर फोडणे. प्लास्टिकच्या गाभ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेले फलक वितळवायलाही अवघड, कारण दोन्ही वस्तू एकमेकींना सोडत नाहीत. जिप्समचे छत ओले झाले की लगदा होतो आणि चांगल्या काँक्रीटमध्ये मिसळून तेही बिघडवते. रसायनाने चिकटवलेली फरशी निघते ती तुकड्यांतच. आपली शहाबादी फरशी मात्र पन्नास वर्षांनी उचलून पालथी घातली तरी चालते. एक अपवाद सांगावासा वाटतो. नटबोल्टांनी जोडलेली पोलादी शेड कारखाना बंद पडल्यावर सबंध विकली जाते, ट्रकवर चढते आणि दुसऱ्या गावी उभी राहते. क्रिस्टल पॅलेसचे खरे वारस हे औद्योगिक वसाहतींतले कुरूप पत्र्याचे सांगाडे आहेत. त्यांचे कौतुक कोणी करत नाही.

मग या इमारती इतक्या लवकर पाडतात का? त्या पडायला आल्या म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा इमारत ठीक असते, पण तिच्याखालची जमीन महाग झालेली असते. चटईक्षेत्र निर्देशांक वाढला की दोन मजल्यांची इमारत त्या जमिनीवर चैन वाटू लागते. त्यात हिशेबाचे शास्त्र मदतीला येते. प्राप्तिकराच्या नियमांत राहत्या घरासाठी घसारा वर्षाला ५ टक्के, तर अन्य इमारतींसाठी १० टक्के धरला जातो आणि तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर लागतो. शंभर रुपयांची दुकानांची इमारत सात वर्षांत वहीत ४८ रुपयांवर येते आणि वीस वर्षांत १२ रुपयांवर. जिची वहीतली किंमत जवळजवळ संपली आहे, ती पाडताना हात थरथरत नाही.

याच संदर्भात एक योगायोग मला नेहमी खटकतो. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत काँक्रीटच्या इमारतीचे उपयुक्त आयुष्य ६० वर्षे धरले आहे. इकडे हॉल ऑफ नेशन्सच्या प्रकरणात दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने ६० वर्षांखालील इमारतींचा वारसा म्हणून विचार करू नये अशी भूमिका घेतली. संरक्षित स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात तर ही मर्यादा १०० वर्षांची. म्हणजे हिशेबाच्या वहीत इमारत ज्या वयात मृत ठरते, त्याच वयात ती वारशाच्या दाराशी उमेदवार म्हणून उभी राहू शकते. पंचेचाळिसाव्या वर्षी तिची बाजू घेणारा एकही रकाना कुठल्याच कायद्यात नाही.

दिल्लीचेच आणखी एक उदाहरण. चाणक्यपुरीतले चाणक्य चित्रपटगृह १९७० साली उघडले. नवी दिल्ली नगरपालिकेची मालमत्ता, पी. एन. माथूर यांची रचना. डिसेंबर २००७ मध्ये ते बंद झाले, २००८ मध्ये पाडले गेले. त्या जागी जे व्यापारी संकुल आले ते उघडायला २०१७ उजाडले. अडतीस वर्षांची इमारत घालवून नऊ वर्षांची रिकामी जागा पदरी पडली. पाडणे आणि बांधणे यांच्यामधला हा काळ कोणत्याच प्रस्तावात खर्च म्हणून दाखवला जात नाही.

पाडकामाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात तर साहित्य वाचवण्याचा प्रश्नच येत नाही. १६ फेब्रुवारी २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर दिल्लीत अनधिकृत व्यापारी वापराविरुद्ध मोठी मोहीम निघाली. दुकानांना टाळी लागली, बांधकामे फोडली गेली. अशा मोहिमांत मनुष्यबळ अपुरे आणि उद्दिष्टे मोठी, म्हणून दिल्लीत फार पूर्वीपासून एक युक्ती रूढ आहे. स्लॅबला मध्यभागी एक भगदाड पाडायचे, छायाचित्र घ्यायचे आणि पुढच्या इमारतीकडे वळायचे. नोंद होते ‘कारवाई केली’. मालक काही महिन्यांनी भगदाड बुजवतो. इमारत धड जगत नाही, धड मरत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने एका वर्षापुरता दिलासा देणारा कायदा केला आणि त्याच प्रकारच्या संरक्षणाची मुदत तेव्हापासून पुन्हा पुन्हा वाढत आली आहे. भगदाडांतून निघालेल्या सिमेंट-सळईचा हिशेब कोणी ठेवला असेल असे मला वाटत नाही.

हिशेबाचे हे दुर्भिक्ष्य वरपर्यंत आहे. देशात दरवर्षी बांधकाम व पाडकामाचा किती राडारोडा निघतो, याविषयी केंद्र शासनाच्या कागदांत बरीच वर्षे १० ते १२ दशलक्ष टन असा आकडा फिरत होता. पुढे शासनाच्याच बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने १५० दशलक्ष टन असा अंदाज दिला. एकाच वस्तूच्या दोन सरकारी अंदाजांत बारा-पंधरा पटींचे अंतर! धान्याच्या बाबतीत असे झाले असते तर मंत्रिमंडळ हादरले असते.

नियम आले ते २०१६ मध्ये. त्याआधी हा विषय नागरी घनकचऱ्याच्या नियमांत एका कोपऱ्यात होता. २०१६ च्या नियमांनी मोठ्या पाडकामात काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग वेगळे करणे बंधनकारक केले आणि शासकीय कामांत १० ते २० टक्के साहित्य अशा राडारोड्यापासून बनवलेले वापरावे असे सांगितले. त्याच वर्षी खडी-वाळूच्या भारतीय मानकात दुरुस्ती होऊन फोडलेल्या काँक्रीटची खडी मर्यादित प्रमाणात मान्य झाली : साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-२५ किंवा त्याखालच्या प्रतीत. ही मर्यादा अकारण नाही. जुन्या खडीला चिकटून राहिलेला मसाला पाणी शोषतो आणि नव्या मिश्रणाची गणिते बिघडवतो. २०२५ मध्ये यावर आणखी नवे नियम अधिसूचित झाले. त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवली गेली आणि मोठ्या प्रकल्पांच्या उत्पादकावरच राडारोड्याची जबाबदारी टाकण्यात आली.

नियमांच्या आधीही एक चांगले काम झाले होते, ते सांगितले पाहिजे. दिल्ली महापालिकेने २००९-१० च्या सुमारास बुराडी येथे राडारोडा दळून त्याचे ठोकळे करणारा प्रकल्प सुरू केला. देशातला हा पहिलाच. प्रगती मैदानाला लागून पूर्वी ‘अप्पू घर’ होते. १९८४ साली उघडलेले, दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलांचे लाडके. ते २००८ मध्ये बंद झाले आणि ती जमीन सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी गेली. तिथे उभ्या राहिलेल्या आणि २०१९ मध्ये उघडलेल्या संकुलात राडारोड्यापासून बनवलेले लाखो ठोकळे वापरले गेले. शहरातली कोणकोणती दुकाने आणि घरे त्या भिंतींत आहेत, कोण जाणे. ठोकळ्यांवर पत्ता नसतो.

पण याने भारून जाऊ नये. दळून केलेला ठोकळा हा तुळईचा पुनर्जन्म नव्हे, अधोगतीच आहे. फक्त नदीकाठी फेकण्यापेक्षा बरी. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडाचे दोन बुरूज सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी काही सेकंदांत खाली आले. ते व्यापारी नव्हे, निवासी होते आणि त्यांत कोणी राहायला गेलेच नव्हते. पाडणारी कंपनी मुंबईची होती. सुमारे ८० हजार टन राडारोडा निघाला आणि पाडण्याच्या खर्चाचा मोठा भाग भंगाराच्या विक्रीतून निघावा असा हिशेब वृत्तपत्रांत आला होता. देशाने ते दृश्य दूरदर्शन संचांवर श्वास रोखून पाहिले. पुढचे कित्येक महिने तिथे चाललेले सळई वेगळी करण्याचे काम कोणी दाखवले नाही. तसे ते पाहण्यासारखे नसतेच.

आता माझी गोष्ट. एका हिंदीभाषक राज्यातल्या मध्यम शहरात मी नगर प्रशासनात होतो. शहराचे नाव घेत नाही. तिथे स्थानिक संस्थेने कर्ज काढून बांधलेले दुमजली व्यापारी संकुल होते. वय सतरा वर्षे. त्याच्या जागी बहुमजली वाहनतळ आणि वर मोठे संकुल व्हावे असे ठरले. अभियंत्यांच्या अहवालात इमारत दुरुस्तीला परवडत नाही असे वाक्य होते. ते वाक्य का लिहिले आहे हे मला कळत होते आणि मला कळते हे त्यांनाही कळत होते. गळती होती, ती कुठे नसते? मूळ कर्जाचे दोन हप्ते अजून फिटायचे होते. मी टिप्पणीत हप्त्यांचा उल्लेख केला, साहित्याच्या यादीवर नजर फिरवली आणि सही केली. साहित्याची किंमत इतकी किरकोळ निघाली होती की आकड्यात चूक असावी म्हणून मी परत विचारले. चूक नव्हती. काँक्रीटची किंमत शून्य धरली होती. उलट ते वाहून नेण्याचा खर्चच वजा केला होता.

गाळे रिकामे करण्याची मुदत ज्या दिवशी संपत होती, त्याच्या आदल्या रात्री दुकानदारांनी आपापली शटर उतरवून नेली. शटर संस्थेच्या मालकीची, यादीत नोंदवलेली. सकाळी गेलो तर ओळीने उघडी तोंडे. एक वृद्ध कापडवाला तेवढा गाळ्यात बसून होता. त्याने शटर नेले नव्हते. त्याने मला विचारले, साहेब, ही इमारत बांधली तेव्हा मी माझे जुने दुकान पाडून इथे आलो होतो, आता नवी होईपर्यंत कुठे बसू? त्याच्यासाठी टिप्पणीत परिच्छेद होता, ‘विस्थापितांना प्राधान्य’. तो मी त्याला हिंदीत समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मला चहा पाजला. नवे संकुल पुरे व्हायच्या आत माझी बदली झाली. त्याला गाळा मिळाला की नाही, हे मी नंतर विचारले नाही.

दोन वर्षांनी, नव्या जागी, लेखापरीक्षणाचा आक्षेप माझ्या नावे आला. मी तो उत्सुकतेने उघडला. सतरा वर्षांची इमारत का पाडली, असा प्रश्न असेल अशी माझी अपेक्षा होती, आणि खरे सांगायचे तर उत्तरही मी मनाशी जुळवू लागलो होतो. आक्षेप शटरांचा होता. यादीप्रमाणे जितकी शटर होती त्यांतले एकच लिलावात आले, उरलेल्यांची किंमत जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल का करू नये? पत्रव्यवहार आणखी दोन बदल्या चालला. मी पंचनामा जोडला, भंगाराचा त्या महिन्याचा बाजारभाव जोडला, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जोडली. शेवटी रक्कम किरकोळ असल्याने परिच्छेद वगळण्यात येत आहे, असे एका ओळीचे पत्र आले. ते मी फाइलला लावले आणि फाइल अभिलेख कक्षात पाठवली.